आई-वडिलांवरच खुनाचा खटला असतो तेव्हा बातम्या कशा वाचाव्यात

लेकराच्या खुनात आई किंवा बाप आरोपी असले की सोसायटीत, नाक्यावर, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल कोर्टाच्या आधी लागतो. माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयात लघुलेखिका म्हणून साक्षी टाइप करण्यात गेली, म्हणून हे लिहिते आहे. मतच बनवू नका असं मी म्हणणार नाही, ते कुणाला जमत नाही. पण आपलं मत कशाच्या आधारावर उभं करायचं हे ठरवता येतं. उदाहरणाला नोएडाचा आरुषी तलवार खटला घेते. तो बहुतेकांना आठवतो, आणि घसरायच्या सगळ्या जागा त्यात आहेत.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस काहीही बोलू नका. 16 मे 2008 च्या सकाळी आरुषी तिच्या खोलीत मृत सापडली. चौदा वर्षंही पुरी झाली नव्हती पोरीला. घरगडी हेमराज घरात नव्हता, म्हणजे त्यानेच केलं, असं पोलिसांपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर हेमराजचं प्रेत सापडलं. गच्चीच्या दाराला कुलूप होतं आणि पहिल्या दिवशी ते कुणी उघडून पाहिलंच नव्हतं. मेलेल्या माणसाला एक अख्खा दिवस देशाने खुनी ठरवलं होतं. त्यानंतर तीच बोटं तितक्याच खात्रीने आई-बापाकडे वळली.

मग खटला नेमका कुठवर आलाय ते बघा. अटक म्हणजे संशय. दोषारोपपत्र म्हणजे तपास करणाऱ्यांची बाजू. जामीन मिळाला म्हणजे सुटला नव्हे आणि नाकारला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असंही नाही. तलवार प्रकरणात वडिलांना 23 मे 2008 ला अटक झाली, मग जामीन मिळाला. पुरेसा पुरावा नाही म्हणून डिसेंबर 2010 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. गाझियाबादच्या कोर्टाने फेब्रुवारी 2011 मध्ये तो नाकारून आई-वडील दोघांनाच आरोपी म्हणून बोलावलं. 25 नोव्हेंबर 2013 ला दोघं दोषी ठरले आणि दुसऱ्या दिवशी जन्मठेप झाली. 12 ऑक्टोबर 2017 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. एवढ्या वळणांत ज्याने पहिल्या आठवड्यातलं मत धरून ठेवलं, त्याने पुढचं काही वाचलंच नाही असं मी समजते.

पत्रकार परिषद हा पुरावा नाही. अटकेच्या दिवशी पोलीस महानिरीक्षक हुद्द्याचा अधिकारी कॅमेऱ्यांसमोर खुनाचं कारण सांगत होता आणि मुलीचं नावच चुकीचं घेत होता. तिच्या चारित्र्याबद्दल तिथे जे बोललं गेलं ते घराघरांत चघळलं गेलं. उत्तर द्यायला ती पोर नव्हती. ‘सूत्रांकडून समजते’, ‘पोलिसांसमोर कबुली दिली’ असं आलं की एवढं लक्षात ठेवा: पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कबुली म्हणून कोर्टात चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते 23 मध्ये आहे. नार्को चाचणीच्या, म्हणजे औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारून केलेल्या, चित्रफितींचंही तेच. संमतीशिवाय अशी चाचणी घेता येत नाही आणि चाचणीत बोललेलं पुरावा म्हणून धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलं. तलवारांच्या बाजूचे लोकही अशा चित्रफिती पुढे करत होते, तेसुद्धा तितकंच गैर होतं.

आता रडण्याबद्दल. ‘अहो वहिनी, टीव्हीवर बोलताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, ती कसली आई!’ हे वाक्य आरुषीच्या आईबद्दल, नूपुर तलवारबद्दल, मी किती जणींकडून ऐकलं. हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. ऑगस्ट 1980 मध्ये ऑस्ट्रेलियात उलुरूजवळच्या तळावर तंबूतून लिंडी चेंबरलेनची अवघ्या काही आठवड्यांची अझारिया नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, नेली असं आई पहिल्यापासून सांगत होती. लोकांनी तिचा कोरडा चेहरा पाहिला, तिचे कपडे पाहिले, बाळाला काळा झगा घालायची म्हणून बोललं गेलं, त्यांच्या पंथात नरबळी देतात अशीही आवई उठली. 1982 मध्ये तिला जन्मठेप झाली. 1986 मध्ये बाळाचं जाकीट डिंगोंच्या वावरातल्या जागेजवळ सापडलं तेव्हा ती बाहेर आली, 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली आणि डिंगोनेच नेलं हे सरकारी कागदावर यायला 2012 उजाडलं. मी कोर्टात पाहिलेल्या साक्षीदारांपैकी कुणी शवविच्छेदनाचा अहवाल ऐकताना दगडासारखे बसलेले असत, कुणी नाव सांगतानाच कोसळत. त्यावरून न्यायाधीशांनी काही टिपून घ्यायला सांगितल्याचं मला आठवत नाही. चेहऱ्याचा मुद्दा यादीतून सरळ काढून टाका.

प्रयोगशाळेचा अहवाल आला की लोक हात जोडतात. तुम्ही विचारा: वस्तू कुठून जप्त झाली, पंच कोण, सील केव्हा लागलं, चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? लिंडीच्या गाडीत डॅशबोर्डखाली उडालेले डाग बाळाच्या रक्ताचे, असं तज्ज्ञाने शपथेवर सांगितलं होतं. पुढे कळलं की तो आवाज दाबण्यासाठी कारखान्यात मारलेला लेप होता. तलवार खटल्यात एका जांभळ्या उशीच्या अभ्र्यावरून घोळ झाला. तो त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या घरातून, एका संशयिताच्या खोलीतून जप्त केलेला. हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या अहवालात त्यावर हेमराजचा डीएनए नोंदलेला होता. म्हणजे बाहेरच्या माणसाकडे बोट जात होतं. हा मुद्दा 2011 मध्ये पुढे आला तेव्हा प्रयोगशाळेने कळवलं की टंकलेखनात नोंदींची अदलाबदल झाली, तो अभ्रा हेमराजच्या खोलीतला. उच्च न्यायालयाने 2017 मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे, आणि ती पानं वाचण्यासारखी आहेत. आयुष्यभर टाइप केलेलं असल्यामुळे मला ती फार लागली. एका ओळीवर माणसाची वर्षं अवलंबून असतात.

वर्तमानपत्रात बहुतेकदा सरतपास छापून येतो, म्हणजे सरकारी वकिलाने आपल्या साक्षीदाराकडून वदवून घेतलेलं. आरोपीच्या वकिलाने घेतलेला उलटतपास आतल्या पानावर चार ओळींत जातो. खरं तर तिथेच कळतं की साक्षीदाराने पाहिलं की नुसतं ऐकलं, आणि आज सांगतोय ते पोलिसांच्या पहिल्या जबाबात होतं की नाही. उलटतपास वाचेपर्यंत त्या साक्षीदाराबद्दलचं मत अर्धवट ठेवा.

सगळ्यात अवघड प्रश्न हा: ‘घरात चौघं होती, दोघं मेली, मग उरलं कोण?’ प्रश्न बिनतोड वाटतो. सत्र न्यायालयानेही त्याला महत्त्व दिलं. जी गोष्ट फक्त आरोपीलाच ठाऊक असू शकते तिचा खुलासा त्याने करावा, असं पुरावा कायद्याचं कलम 106 सांगतं, नव्या कायद्यात 109. पण आधी सरकार पक्षाने आपली साखळी जोडून दाखवायची असते. घरात दुसरं कुणी आलंच नव्हतं हे सिद्ध झालं नाही तर हा प्रश्न लंगडा पडतो. उच्च न्यायालयाने नेमकं तेच धरलं. परिस्थितीजन्य पुराव्यातून दोन निष्कर्ष निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा घ्यायचा. याचा अर्थ खरा खुनी सापडला असा नाही, तो अजूनही कागदावर नाही. 2018 मध्ये सीबीआय या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली, हेही सांगायला हवं.

कुणी म्हणेल, आई-बाप मुलांना मारतच नाहीत का? मारतात. पुराव्याने शाबीत झालेले असे खटले मी टाइप केलेत, आणि तिथे शिक्षा व्हायलाच हवी होती. म्हणून ‘आई असं करूच शकत नाही’ हेही मत म्हणून चालणार नाही.

ग्रुपवर काय करावं? मुलाचा फोटो, घराचा पत्ता, शवविच्छेदनातलं वर्णन पुढे पाठवू नका. घरात दुसरं भावंड असेल तर त्याचा विचार आधी करा, उद्या ते हे सगळं वाचणार आहे. कुणी ठामपणे बोललं तर भांडू नका, ‘हे साक्षीत आलंय का?’ एवढंच विचारा. आणि मेलेल्या प्रत्येकाचं नाव घ्या. हेमराजचं घर होतं, माणसं होती, आणि या सगळ्या गदारोळात त्याची आठवण फक्त संशयासाठी काढली गेली.

तारखा बघायच्या असतील तर ई-कोर्ट्सचं ॲप घ्या. त्यात सीएनआर, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा 16 अंकाक्षरांचा क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावावरून शोधा. निकालपत्र अपलोड झालं की आधी ‘मुद्दे आणि निष्कर्ष’ हा तक्ता बघा, मग ज्या मुद्द्यावर तुमचं मत उलटं होतं त्याचीच कारणं वाचा. तीनशे पानी निकालातली ती पंधरा-वीस पानं एका दुपारी वाचून होतात.