१९९२ च्या ‘संयुक्त संघा’ची पदके कशी नोंदवावीत?

ऑलिम्पिक पदकांचा देशवार तक्ता करायला बसलेल्या माणसाची गाडी १९९२ पाशी हमखास अडते. १९८८ च्या सोल स्पर्धेत सोव्हिएत संघ होता. १९९६ च्या अटलांटा स्पर्धेत रशिया, युक्रेन, बेलारूस, कझाकस्तान असे वेगवेगळे संघ उतरले. मधल्या १९९२ च्या हिवाळी आणि उन्हाळी, अशा दोन्ही स्पर्धांत मात्र ‘संयुक्त संघ’ नावाचा एक संघ दिसतो, ज्याच्यामागे ना एक देश होता, ना एक राष्ट्रगीत. त्याची पदकेही बाजूला सारण्याइतकी थोडकी नाहीत. अल्बर्टव्हिलच्या हिवाळी स्पर्धेत २३ पदके मिळवून तो जर्मनीखालोखाल दुसरा आला आणि बार्सिलोनाच्या उन्हाळी स्पर्धेत ११२ पदकांसह थेट पहिला. ही पदके कोणत्या खात्यात, कशा शब्दांत लिहावीत, हे पुढे सांगितले आहे. तक्ते करणाऱ्यांबरोबरच प्रश्नमंजूषा काढणाऱ्यांना आणि नोंदलेखन करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडावे.

आधी तारखा समोर मांडून घ्याव्यात, कारण निम्मा गोंधळ त्यांनीच सुटतो. ८ डिसेंबर १९९१ रोजी रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी सोव्हिएत संघ संपल्याचे जाहीर केले, २१ डिसेंबरला अल्मा-आता येथे आणखी प्रजासत्ताके त्यांना येऊन मिळाली आणि २६ डिसेंबरला संघराज्य औपचारिकरीत्या विसर्जित झाले. अल्बर्टव्हिलची स्पर्धा ८ फेब्रुवारी १९९२ ला सुरू होणार होती, म्हणजे हाताशी जेमतेम सहा आठवडे होते. खेळाडू जुन्या व्यवस्थेत घडलेले आणि निवडले गेलेले, तर नव्या देशांच्या ऑलिम्पिक समित्यांचा अजून नीट पत्ता नाही, अशा स्थितीत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने काढलेली ही तात्पुरती तोड होती. तिचे सांकेतिक नाव ‘ईयूएन’. ते ‘एकिप युनिफिए’ या फ्रेंच शब्दांवरून आले आहे. समितीच्या नोंदींत हे खाते सोव्हिएत संघाच्या खात्यापासूनही वेगळे आहे आणि रशियाच्या खात्यापासूनही. हा भेद शेवटपर्यंत पाळला, तर निम्मे काम झाले असे समजावे.

त्यानंतर संघात कोण होते आणि कोण नव्हते, हे ठरवावे. बार्सिलोनाच्या संघात बारा प्रजासत्ताके होती: रशिया, युक्रेन, बेलारूस, मोल्दोव्हा, जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान, कझाकस्तान, उझबेकिस्तान, किरगिझस्तान, ताजिकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान. हिवाळी स्पर्धेतल्या संघात यांपैकी मोजक्याच प्रजासत्ताकांचे खेळाडू होते. तिथे बाराचा आकडा लिहू नये. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया हे बाल्टिक देश दोन्ही स्पर्धांत स्वतंत्रपणे उतरले, त्यामुळे त्यांचे एकही पदक या खात्यात येत नाही. सायकलपटू एरिका सालुमाए हिने १९८८ मध्ये सोव्हिएत संघासाठी आणि १९९२ मध्ये एस्टोनियासाठी स्प्रिंटचे सुवर्ण जिंकले. ‘ईयूएन’ हा टप्पा तिच्या कारकिर्दीत नाहीच. (बार्सिलोनाला तिच्यासाठी एस्टोनियाचा ध्वज उलटा फडकवला गेला. नवे ध्वज आयोजकांनाही किती अनोळखी होते, याची यावरून कल्पना यावी.) पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये तर कांस्यपदकाची लढतच लिथुआनिया विरुद्ध संयुक्त संघ अशी झाली आणि लिथुआनियाने ती ८२-७८ अशी जिंकली. १९८८ चे सोव्हिएत सुवर्ण जिंकून देणारे साबोनिस आणि मार्चुल्योनिस या वेळी समोरच्या बाजूने खेळत होते. संयुक्त संघाला ‘सोव्हिएत संघच, फक्त नाव वेगळे’ असे म्हणणाऱ्याने हा एक सामना आठवावा.

नावाबाबतही काटेकोर राहावे. या संघाला सर्रास ‘स्वतंत्र राष्ट्रांच्या राष्ट्रकुलाचा’ (सीआयएस, म्हणजे पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संघटनेचा) संघ म्हटले जाते. ऑलिम्पिकपुरते ते चुकीचे आहे, कारण संघात जॉर्जियाचे खेळाडू होते आणि जॉर्जिया त्या राष्ट्रकुलात डिसेंबर १९९३ मध्ये सामील झाला. राष्ट्रकुलाच्या नावाने खेळला तो फुटबॉलचा संघ, १९९२ च्या उन्हाळ्यात स्वीडनमधल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत. ही दोन नावे एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

आता प्रत्यक्ष नोंद. तक्त्यात दोन रकाने ठेवावेत: पहिल्यात अधिकृत खाते, म्हणजे ‘संयुक्त संघ’, आणि दुसऱ्यात खेळाडूचे प्रजासत्ताक. पहिला रकाना प्रत्येक पदकाला भरावा, दुसरा फक्त वैयक्तिक पदकाला. हा नियम माझ्या मनचा नाही; बार्सिलोनातल्या पदकवितरणातच तो दिसतो. तिथे वैयक्तिक विजेत्यासाठी त्याच्या प्रजासत्ताकाचा ध्वज चढे आणि राष्ट्रगीत वाजे, सांघिक विजयाला मात्र ऑलिम्पिक ध्वज आणि ऑलिम्पिक गीत असे. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समधला ऑलराउंड (सर्व साधनांवरच्या एकत्रित गुणांचा) प्रकार घ्या. सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही पदके एकाच खात्यात जमा आहेत, पण विजेते व्हिताली शेर्बो बेलारूसचा, ग्रिगोरी मिसुतिन युक्रेनचा आणि व्हालेरी बेलेंकी अझरबैजानचा. दुसरा रकाना नसेल, तर हा सगळा तपशील एका शब्दाखाली गडप होतो.

शेर्बोची गोष्ट जरा जवळून पाहण्याजोगी आहे. बार्सिलोनात त्याने सहा सुवर्णपदके जिंकली, त्यांपैकी चार २ ऑगस्टच्या एकाच दिवशी. सहा पदकांना आपल्या तक्त्यात सहा ओळी लागतील, पण त्यांपैकी सांघिक विजेतेपदाच्या ओळीत दुसरा रकाना रिकामा राहील. म्हणजे बेलारूसच्या नावापुढे शेर्बोची पाचच सुवर्णे येतील आणि ‘शेर्बोची सुवर्णपदके’ या सदरात सहा. ही विसंगती नव्हे. दोन वेगळ्या प्रश्नांची ती दोन उत्तरे आहेत. पॉमेल हॉर्स या साधनावरचे त्याचे सुवर्ण उत्तर कोरियाच्या पे गिल-सू याच्याबरोबर विभागून होते, तेव्हा त्या प्रकारात दोन सुवर्णे धरावीत. नोंदीशेजारी ध्वजाचे चित्र लावायचे असेल, तर आजचा लाल-हिरवा बेलारूसी ध्वज लावू नये. १९९२ मध्ये त्या देशाचा ध्वज पांढरा-लाल-पांढरा होता आणि १९९५ मध्ये तो बदलला. जॉर्जियाचाही तेव्हाचा गडद लाल ध्वज आजच्या पाच क्रॉसच्या ध्वजाहून अगदी निराळा होता.

सांघिक पदकांची वाटणी करण्याचा मोह अनेकांना होतो: दोन खेळाडू युक्रेनचे, दोन रशियाचे, मग अर्धे-अर्धे सुवर्ण. असे करू नये. महिलांच्या ४ × ४०० मीटर रिलेत येलेना रुझिना आणि ओल्गा नाझारोव्हा रशियाच्या, तर ल्युदमिला झिगालोव्हा आणि ओल्गा ब्रिझगिना युक्रेनच्या. चौघींच्या गळ्यात चार पदके पडली, पण तक्त्यात सुवर्ण एकच आणि तेही ‘संयुक्त संघ’ या खात्यात, दुसरा रकाना रिकामा ठेवून. महिला जिम्नॅस्टिक्सचा संघ पाहिला की वाटणी किती फोल ठरते ते कळते. सहाजणींपैकी दोघी युक्रेनच्या, दोघी उझबेकिस्तानच्या, एक बेलारूसची आणि एक रशियाची. तात्याना गुत्सू सांघिक फेरीत बीमवरून पडली आणि एका संघातून तिघींनाच ऑलराउंडच्या अंतिम फेरीत जाता येत असल्यामुळे बाहेर राहिली. उझबेकिस्तानची रोझा गालियेव्हा दुखापतीच्या कारणाने बाजूला झाली, तिच्या जागी गुत्सू उतरली आणि तिने अमेरिकेच्या शॅनन मिलरला निसटत्या फरकाने मागे टाकून सुवर्ण पटकावले. वैयक्तिक पदक म्हणून ते युक्रेनपुढे लिहायचे, यात शंका नाही. तरीही ते ज्या जागेवर उभे आहे ती जागा दुसऱ्या प्रजासत्ताकाच्या मुलीची होती, हे टिपेत यायला हवे असे माझे मत आहे.

प्रजासत्ताक ठरवताना तीन गोष्टींवर भिस्त ठेवू नये. पहिली आडनाव, दुसरी जन्मगाव आणि तिसरी पुढची कारकीर्द. अल्बर्टव्हिलला आइस हॉकीचे सुवर्ण जिंकणाऱ्या संघातला दारियुस कास्पारायटिस लिथुआनियात जन्मलेला आणि आडनावानेही लिथुआनियन. लिथुआनिया त्याच स्पर्धेत स्वतंत्रपणे उतरला होता, पण हा खेळला संयुक्त संघाकडून. वेटलिफ्टर काखी काखियाश्विली याची १९९६ आणि २००० ची सुवर्णे ग्रीसची आहेत, १९९२ चे मात्र जॉर्जियाचे. उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना हिने २००८ चे रौप्य जर्मनीसाठी जिंकले, म्हणून तिला १९९२ मध्ये जर्मनीकडे ढकलता येत नाही. अल्बर्टव्हिलच्या नोंदींत तर पदकवितरणाचाही आधार मिळत नाही, कारण तिथे वैयक्तिक विजेत्यांनाही ऑलिम्पिक ध्वजच होता. माझ्या पहिल्या तक्त्यात ओदेसाचा फिगर स्केटर व्हिक्तर पेत्रेंको बरेच दिवस रशियाच्या ओळीत बसला होता, तो याच गैरसमजातून. अशा वेळी खेळाडू कोणत्या प्रजासत्ताकात सराव करत होता आणि १९९३ नंतर लगेच कोणाकडून खेळला, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच रकाना भरावा. नाही तर तो कोरा ठेवावा.

शेवटी बेरीज तपासावी. बार्सिलोना: ४५ सुवर्ण, ३८ रौप्य, २९ कांस्य. अल्बर्टव्हिल: ९, ६ आणि ८. बार्सिलोनाच्या कांस्यात एक जास्त आले, तर वेटलिफ्टिंगचा ८२.५ किलो गट पाहावा. तिथे पहिल्या तिघांनीही ३७० किलो उचलले आणि शरीराच्या वजनावरून इब्रागिम समादोव्ह तिसरा ठरला. चिडून त्याने पदक मंचावर टाकले, त्याला अपात्र ठरवण्यात आले आणि ते कांस्य पुढे कोणालाच दिले गेले नाही. जुन्या वृत्तांतात त्याचे नाव सापडते, अधिकृत यादीत ती जागा रिकामी आहे.

याच बार्सिलोनात ‘स्वतंत्र ऑलिम्पिक सहभागी’ या नावाने उतरलेले युगोस्लाव्ह खेळाडू वेगळे. त्यांची तीन पदके नेमबाजीतली आहेत आणि ती इथे मिळवू नयेत. १९५६ ते १९६४ मधला संयुक्त जर्मन संघही नावाने सारखा वाटला, तरी तो दोन जर्मन राज्यांना एकत्र आणण्यासाठी होता. त्याच्यासाठी निराळा तक्ता करावा.