उन्हाळ्याची नोंदवही : कोकणातील परसात आणि पडवीत

निसर्गाची नोंदवही ठेवण्याची हौस अनेकांना पहिल्या पावसानंतर येते, कारण तेव्हा सारे हिरवे दिसू लागते; परंतु कोकणात ती वही उन्हाळ्यातच उघडावी. मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत मोहोर गळून कैऱ्या धरतात, काजूची बोंडे रंगतात, सुरंगी आणि अंजन फुलून जातात, करवंदे व जांभळे पिकतात, रातांबे (कोकमाची फळे) पडू लागतात, आणि हे सर्व घरापासून हाकेच्या अंतरावर, कोरड्या पायवाटेवरून जवळ जाऊन पाहता येते. शिवाय याच काळात घरातही सोले (कोकमाची वाळवलेली साले), साठे (आंबापोळ्या), पापड, मिरच्या अशी वाळवणे चालू असल्यामुळे ऊन, वारा आणि हवेचा दमटपणा यांच्याकडे घरातील प्रत्येकाचे लक्ष असतेच. म्हणून निसर्गाच्या नोंदींसाठी एक वही आणि घरच्या उन्हाळी कामांसाठी दुसरी, अशी विभागणी मुळीच करू नये. दोन्ही नोंदी एकाच पानावर आल्या, तरच त्या एकमेकींचा अर्थ उलगडतात.

वही साधी असावी. शिवलेल्या बांधणीचे, पुठ्ठ्याच्या कव्हराचे लाँगबुक पुरते. सुटी पाने ठेवू नयेत. लिहिण्यासाठी पेन्सिल घ्यावी, कारण मे महिन्यातील दमट हवेत आणि घामाच्या हाताखाली जेलपेनाची शाई पसरते. पेन्सिलीने झाडाचे पान किंवा पिसाचा आकारही काढता येतो, आणि चित्रकला येत नसली तरी काही बिघडत नाही. पानाच्या कडेला दाते आहेत की नाहीत एवढे त्या चित्रावरून कळले म्हणजे झाले. मोबाइलने छायाचित्र जरूर काढावे, पण आधी चार ओळी लिहाव्यात आणि मग काढावे. छायाचित्र हाती आले की पाहणे संपल्यासारखे वाटते, हा दोष यंत्राचा नसून आपल्या आळसाचा आहे.

प्रत्येक नोंदीच्या वर तारीख, वेळ, जागा, आकाश आणि वारा यांची एक ओळ लिहावी. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने त्यात तिथीही घालावी, कारण तिथीवरून भरती-ओहोटी समजते. अमावास्येला आणि पौर्णिमेला पूर्ण भरती साधारणपणे बाराच्या सुमारास येते असे धरून तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हीच वेळ दिवसा आणि रात्री दोन्हीकडे लागू होते, आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. जागेनुसार यात कमीअधिक फरक पडतो व खाडीच्या आत पाणी थोडे उशिरा चढते. तोच फरक आपल्या गावासाठी महिनाभर टिपला, तर स्वतःचा सुधारित हिशेब तयार होतो. खडकाळ किनाऱ्यावरील डबक्यांतील खेकडे, शंख आणि समुद्रफुले पाहायची असतील, तर अमावास्या-पौर्णिमेच्या जवळची ओहोटी निवडावी. कालवे (खडकांना चिकटलेले शिंपले) काढायला जाणाऱ्या बायकांना ही वेळ पंचांग न उघडताही ठाऊक असते. त्यांना विचारण्यात संकोच करू नये.

वाऱ्याची दिशा माडाच्या झावळ्यांवरून पाहावी. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, त्यामुळे समुद्राकडून खारे वारे येतात, आणि रात्री जमीन निवली की मतलई वारे उलट दिशेने वाहतात. खारे वारे रोज किती वाजता सुरू झाले, एवढी एकच नोंद ठेवली तरी उन्हाळा कसा सरकत आहे ते कळते. मे महिन्यात दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूला ढग चढू लागले की त्यांचा आकार आणि वेळ लिहावी.

यानंतर एक झाड निवडावे. एकच, आणि घराजवळचे. माझ्या मते ते हापूसचे कलम नसावे. कलमांवर फवारण्या होतात, लवकर आणि नियमित मोहोर यावा म्हणून अनेक बागांत पावसाळ्यात कल्टार हे रसायनही दिले जाते, त्यामुळे त्या झाडाचे वेळापत्रक पुष्कळसे बागायतदाराचे असते. रायवळ आंब्याचे प्रत्येक झाड मात्र स्वतंत्र बीजापासून उगवलेले असल्याने त्याचा मोहोर, चव, रंग आणि पिकण्याचा काळ त्याचा स्वतःचा असतो. रातांबा, जांभूळ, बकुळ किंवा उंडी हीदेखील चांगली निवड ठरेल. दर आठवड्याला ठरलेल्या वारी त्या झाडाखाली जाऊन पालवी, फुले, कच्ची फळे आणि पिकलेली फळे या चार गोष्टींपुढे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’ असे लिहावे. ‘सीझनवॉच’ या लोकसहभागाच्या उपक्रमात देशभरातील झाडांच्या नोंदी याच धर्तीवर घेतल्या जातात, आणि इच्छा असल्यास आपली नोंद तिकडेही पाठवता येते. झाडावर कोण येते हे वेगळे लिहावे: मोहोरावर माश्या व मधमाश्या, फळांवर खारी, पोपट आणि रात्री वटवाघळे. खाली पडलेल्या अर्धवट खाल्लेल्या फळावरील दातांच्या खुणा पाहून रात्रीचा पाहुणा ओळखण्याचा प्रयत्न मुलांना फार आवडतो.

पक्ष्यांसाठी फिरण्यापेक्षा बसणे अधिक उपयोगी पडते. सूर्योदयानंतरचा अर्धा तास पडवीत किंवा खळ्याच्या कडेला एकाच जागी बसावे आणि दिसलेल्यांइतकेच ऐकलेलेही लिहावेत. दयाळाची शीळ, हळद्याचा बासरीसारखा स्वर, कोकिळाची चढत जाणारी हाक आणि ढगाळ दिवशी रात्रीही न थांबणारा पावशा हे एप्रिल-मे मधील ठरलेले आवाज आहेत. कुहू करणारा काळा पक्षी नर असतो. मादी ठिपक्यांची असते आणि तिचा आवाज तुटक व कर्कश असतो. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, म्हणून परसातील कावळ्याच्या घरट्याची नोंद सुरुवातीपासून ठेवल्यास पुढे पिल्लाला भरवणारा कावळा आणि त्याचे परके पिल्लू दोन्ही पाहायला मिळू शकतात. मे अखेरीस नवरंग, तिबोटी खंड्या आणि चातक यांच्यासाठी एक रांग मोकळी ठेवावी व ज्या दिवशी पहिल्यांदा आवाज ऐकू येईल ती तारीख तिच्यात लिहावी. तिबोटी खंड्या रायगड जिल्ह्याचा मानचिन्ह पक्षी आहे आणि पाऊस सुरू होताना ओढ्याकाठच्या दरडीत बीळ कोरून तो घरटे करतो.

एका जागी बसून पाहण्याने काय साधते याचे उदाहरण कोकणातच आहे. डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम येथे राहत असताना सुगरण पक्ष्याच्या वसाहतीवर अनेक दिवस नजर ठेवली, आणि त्यातून हे स्पष्ट झाले की नर अर्धे घरटे विणून थांबतो, माद्या येऊन त्याची पारख करतात, एखादीने ते पसंत केले तरच तो ते पूर्ण करतो, आणि मग दुसरे विणायला घेतो. त्यासाठी त्यांना घरापासून दूर जावे लागले नव्हते.

काही ठिकाणी मात्र जवळ जाणेच टाळावे. उंच झाडावरील समुद्रगरुडाच्या किंवा धनेशाच्या घरट्याखाली वारंवार उभे राहू नये. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते आणि तिचे व पिल्लांचे खाणे एकट्या नराच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. माणसांना पाहून त्याने फेरी चुकवली, तर आपली नोंद फार महाग पडते. वेळास, आंजर्ले, वायंगणी अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहायची असल्यास तेथील कासवमित्रांच्या सूचना पाळाव्यात आणि प्रखर प्रकाश वापरू नये. वेळासचे हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सुरू केले. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, तेव्हा घरटे सापडल्याची तारीख गावात विचारून घेतली तर पिल्ले निघण्याचा अंदाज बांधता येतो.

दुपार घरची. बारापासून चारपर्यंत बाहेर पडण्यात अर्थ नाही, आणि तेवढ्यात करण्यासारखे घरात पुष्कळ असते. अपवाद फक्त शून्य सावलीच्या दिवसाचा: सिंधुदुर्गात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि मुंबईत १५ मेच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्या दिवसांत साडेबाराच्या पुढेमागे अंगणात एक सरळ काठी उभी रोवून सावलीचे टोक दर पाच मिनिटांनी खडूने आखावे. आपल्या गावी सावली कोणत्या तारखेला सर्वांत लहान झाली ते लिहून ठेवावे.

वाळवणाची नोंद हा या वहीचा सर्वांत मोलाचा भाग होऊ शकतो, आणि नेमका तोच बहुतेक जण लिहीत नाहीत. रातांबे फोडून बिया व गर बाजूला काढतात, गराच्या रसात मीठ घालतात, साले त्या रसात बुडवून उन्हात पसरतात, आणि साले काळपट व लवचीक होईपर्यंत हे रोज पुन्हा करतात. या सोलांना किती उन्हे दाखवावी लागली, हा आकडा दरवर्षी लिहावा. घरात हवामानाचे एकही यंत्र नसताना हवेतील दमटपणाची इतकी विश्वासू मोजणी दुसरीकडून मिळणार नाही: एप्रिलच्या शेवटी काढलेली सोले आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात काढलेली सोले यांच्या उन्हांतील फरकच आभाळाचा कल सांगतो. आंब्याच्या साठांचेही तसेच आहे. तूप लावलेल्या ताटात रसाचा पातळ थर देऊन तो वाळल्यावर दुसरा द्यायचा असतो, तेव्हा थर कोणत्या दिवशी दिला आणि तो किती वेळात सुकला हे समोर लिहावे. वाळवण राखताना कावळे, खारी आणि मुंग्या कोणत्या वेळी येतात हे आपोआप दिसते. राखणदाराच्या मांडीवर वही असली की झाले. पहिला फणस कधी उतरवला, तो कापा निघाला की बरका, आठळ्या लाल मातीत कधी घोळून ठेवल्या, ओले काजूगर कधीपर्यंत मिळाले, हेही त्याच पानावर यावे.

रायवळ आंबे बादलीभर पाण्यात टाकून चोखत बसणे हे काम नव्हे, पण तेही नोंदवहीत बसते. प्रत्येक झाडाच्या आंब्याचा वास, गरातील धागे आणि कोयीचा आकार यांच्यावर घरातील प्रत्येकाने एकेक ओळ लिहावी. मतभेद झाले तर दोन्ही मते राहू द्यावीत. आवडलेल्या झाडाच्या कोयी लगेच लावाव्यात, कारण आंब्याचे बीज सुकवून फार दिवस टिकत नाही. नंतर पन्हे किंवा कोकम सरबत घेऊन झोपाळ्यावर पडण्यास कोणाचीच हरकत नसावी.

रात्रीसाठी काजवे राखून ठेवावेत. वळवाच्या आगेमागे, घरातील व अंगणातील दिवे बंद करून, एकाच झाडाकडे ठरावीक पाच मिनिटे पाहावे आणि ‘तुरळक’, ‘बरेच’ किंवा ‘झाडभर’ असे लिहावे. विजेरी वापरू नये; अंधारात त्यांच्या प्रकाशानेच नर-मादी एकमेकांना शोधतात.

ज्याची ओळख पटली नाही त्याला घाईने नाव देऊ नये. आकार, रंग, आवाज आणि कोणत्या झाडावर दिसले हे लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवावे, आणि घरातील थोरल्यांनी सांगितलेले गावातील नाव जसेच्या तसे टिपावे. पुढे खरी ओळख कळली की जुनी ओळ खोडू नये. समासात नवी तारीख घालून दुरुस्ती लिहावी, म्हणजे आपण केव्हा काय समजत होतो हेही कळते.

वही कधी थांबवायची हे पाऊस ठरवतो, आणि तो दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, परंतु २०२५ मध्ये तो २५ मे रोजी तळकोकणात आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत दाखल झाला. अशा वर्षी अंगणातील शेवटची सोले, मांडवावरील झावळ्या आणि परसातील उरलेले आंबे यांचे काय झाले, हे कोणत्याही सरकारी नोंदीत सापडत नाही. तेव्हा पहिला वळीव, बेडकांचा पहिला आवाज, वाटेवर आलेला पहिला खेकडा आणि व्हाळाला (ओढ्याला) पाणी येताच चढणीचे मासे धरायला माणसे केव्हा गेली, यांच्या तारखा शेवटच्या पानांवर याव्यात. त्यानंतर वही पूर्ण कोरडी करून, कडुनिंबाची वाळलेली पाने घालून, हवा न लागणाऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी, नाहीतर श्रावणापर्यंत तिला बुरशी आणि कसर लागते. लिहिताना उजवे पान वापरून डावे कोरे ठेवलेले असेल, तर पुढच्या मार्चमध्ये त्याच तारखेची नोंद समोरासमोर लिहिता येईल.