गच्चीवरची छोटी दुर्बीण : सोलापुरात आकाश पाहताना या चुका टाळा

पावसाळा सरला की सोलापूरचे आकाश निरीक्षकाला भरभरून साथ देते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत बहुतेक रात्री निरभ्र असतात आणि कोरड्या हवेमुळे शहरात भिंगावर दवही फारसे धरत नाही. तरीही हौसेने आणलेली दुर्बीण चार रात्रींत माळ्यावर जाते. माझी पहिली ६० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण मीही वर्षभर तशीच टाकून दिली होती. चूक दुर्बिणीची नसून माझ्या वापरण्याची होती, हे पुढे कळले.

सर्वांत मोठी चूक वर्धनाची, म्हणजे वस्तू किती पट मोठी करून पाहायची याची आहे. खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक छापलेले असते आणि नवखा निरीक्षक पहिल्याच रात्री सर्वांत लहान आकड्याची नेत्रिका (डोळ्याजवळचे बदलता येणारे भिंग) लावतो. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (भिंगापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराला) नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वर्धन मिळते. म्हणजे ७०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २० मिलिमीटरची नेत्रिका ३५ पट वर्धन देते, ४ मिलिमीटरची १७५ पट, आणि तिला वर्धन तिप्पट करणारे बार्लो भिंग जोडले की तो ५२५ चा आकडा तयार होतो. पण वस्तुभिंगात, म्हणजे दुर्बिणीच्या पुढच्या मोठ्या भिंगात, शिरणारा प्रकाश तेवढाच राहतो. वर्धन पाचपट वाढले की तोच प्रकाश पंचवीसपट क्षेत्रावर पसरतो, प्रतिमा अंधूक होते, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे ग्रह सुमारे एका मिनिटात दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जातो. व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट, ही व्यवहारातली कमाल मर्यादा समजावी आणि सुरुवात नेहमी २० किंवा २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेनेच करावी. गुरूचे चार मोठे उपग्रह ३५ पटींत स्वच्छ दिसतात आणि कृत्तिकेचा तारकागुच्छ तर कमी वर्धनातच खुलतो.

दुसरी चूक खास आपल्या गावची आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. मार्च-एप्रिलमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. त्यावरून वर चढणारी गरम हवा दुर्बिणीच्या तोंडासमोरून वाहते आणि शनी उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा थरथरतो. गच्चीपेक्षा मातीचे अंगण किंवा शेताचा बांध चांगला. गच्चीशिवाय जागाच नसेल तर मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे निरीक्षण करावे, शेजारच्या पत्र्यावरून दिसणारा ग्रह टाळावा आणि तो क्षितिजापासून चाळीसएक अंश वर येईपर्यंत थांबावे. दुर्बीण घरातून आणल्यावर अर्धा तास उघड्यावर ठेवून तिलाही हवेच्या तापमानाला येऊ द्यावे. खिडकीच्या काचेतून पाहू नये.

प्रतिमा बिघडली की दोष कुठे आहे हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. उंचावरचा ठळक तारा मध्यभागी आणून फोकस किंचित बिघडवावा. दिसणारी चकती वाहत्या पाण्यासारखी हलत असेल तर दोष हवेचा आहे. चकतीतली वलये स्थिर, पण सतत एका बाजूला झुकलेली दिसत असतील, तर आरशाच्या दुर्बिणीत आरशांची जुळणी बिघडलेली असते आणि ती मागच्या स्क्रूंनी थोडी थोडी दुरुस्त करता येते. हात लावताच प्रतिमा उडी मारून दोन-तीन सेकंदांनी स्थिरावत असेल तर दोष तिवईचा आहे. पाय पूर्ण लांब न करता मधोमध पाण्याची भरलेली बाटली टांगल्याने बराच फरक पडतो. आरशावरची थोडी धूळ मात्र उपद्रव देत नाही, रुमालाने पुसल्यास कायमचे ओरखडे पडतात.

तारा सापडतच नाही, ही तक्रार बहुधा शोधक दुर्बिणीची, म्हणजे नेम धरण्यासाठी मुख्य नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीची असते. ती रात्री अंधारात जुळवत बसू नये. दिवसाउजेडी, सूर्याच्या विरुद्ध दिशेला असलेले एखादे दूरचे मोबाईल टॉवरचे टोक मुख्य दुर्बिणीत मध्यावर आणून शोधकाच्या फुलीवर बसवावे. विषुववृत्तीय बैठक (जिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो असा दुर्बिणीचा आधार) घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधी तपासावी : सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश असल्याने ध्रुवतारा तेवढाच, म्हणजे बराच खाली असतो आणि उत्तरेच्या इमारतीआड सहज लपतो. काही स्वस्त बैठका इतक्या कमी अक्षांशाला झुकतही नाहीत. पहिल्या दुर्बिणीला वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी साधी बैठकच मला योग्य वाटते.

सूर्याबाबत कोणतीही तडजोड करू नये. नेत्रिकेवर बसवायची काळी काच सोबत मिळाली असेल तर ती फेकून द्यावी, कारण केंद्रित उष्णतेने ती अचानक तडकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणाराच हवा, आणि शोधक दुर्बीणही झाकलेली हवी.

चंद्र पौर्णिमेला पाहिला तर सपाट आणि डोळे दिपवणारा दिसतो; शुद्ध पंचमी ते दशमीच्या दरम्यान उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हा तो पाहावा. अंधूक गोष्टींसाठी डोळ्यांना वीस-तीस मिनिटे अंधार द्यावा आणि मोबाईल खिशातच ठेवावा. मृगातला तेजोमेघ छायाचित्रासारखा रंगीत न दिसता करडाच दिसेल, कारण मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत.

युरोपात छापलेल्या पुस्तकांवरून आपली यादी करू नये, ही शेवटची सूचना. ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ (असंख्य ताऱ्यांचा दाट गोळा) लंडनहून कधीच दिसत नाही; सोलापुरात मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेला सुमारे २५ अंशांवर येतो. त्यासाठी हिप्परग्याच्या तलावाकडे जाऊ नये, कारण तिथून शहराचा उजेड दक्षिणेकडेच येतो. विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या बाजूला गेल्यास दक्षिण क्षितिज काळे मिळते आणि ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतही तो कापसाच्या बोंडासारखा स्पष्ट दिसतो.