माळ आधी दोरीला, मग घराला

दिवाळीत दुमजली घरावर लाइटच्या माळा सोडायच्या म्हणजे तासभर शिडीवर लटकणं. आणि चिकटपट्टी दोन दिवसांत उन्हानं सुटतेच. सिडकोतल्या आमच्या रो-हाउसला यंदा शिडी लावलीच नाही.

१. माळ अंगणात पसरून आधी पेटवून बघा. (मधला पट्टा बंद आहे हे वर चढवल्यावर कळलं, की सण तिथेच संपतो.)
२. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घ्या, घराच्या रुंदीपेक्षा चार हात जास्त. माळ तिला फूटभर अंतरावर केबल टायनं बांधा. टाय करकचून आवळू नका, वायर दबते. दोन टायमध्ये वायर किंचित सैल हवी, म्हणजे ताण दोरीवर राहतो.
३. गच्चीवरून दोरी ओढून घ्या, टोकं रेलिंगला बांधा.

उतरवताना दोरीसकट गुंडाळून ठेवा. पुढच्या वर्षी फक्त गाठी मारायच्या.

लोखंडी बाइंडिंग वायर मात्र वापरू नका. तिनं माळेचं आवरण कापलं, तर 230 व्होल्ट थेट रेलिंगमध्ये उतरतात. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर पिनेचा जोड छपराखालीच ठेवा.