धरणाच्या जलाशयावर पाण्यात उतरायची जागा कशी निवडावी

टोपी, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी हे सगळे नेतातच. त्यात प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट आणि वीसेक मीटर तरंगणारी दोरी घाला. फुगवायची ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. वारा सुटला की ती माणसासकट मध्यावर जाते.

निघण्याआधी पोहायला परवानगी आहे का आणि विसर्ग, म्हणजे धरणातून पाणी सोडणं, चालू आहे का, हे विचारून घ्या. बंदी असेल तर नुसतं काठावर बसा.

खरा घोळ होतो तो जागा निवडताना. ‘पाणी संथ आहे, उतरा बिनधास्त’ हा सल्ला देणाऱ्याने बहुधा आटलेला जलाशय पाहिलेला नसतो. जलाशय म्हणजे पाण्याखाली गेलेली दरी. नदीचं जुनं पात्र, शेतांचे बांध, विहिरी, झाडांचे बुंधे, सगळं खाली जागच्या जागी असतं. आफ्रिकेतला करिबा जलाशय १९५८ मध्ये भरायला लागला. त्यातली वठलेली झाडं अजून पाण्यातून डोकं वर काढून उभी आहेत. ती निदान दिसतात तरी. अमेरिकेत लेक मीड या जलाशयाची पातळी २०२२ मध्ये घसरली तेव्हा कुठे तळाशी गेलेल्या होड्या उघड्या पडल्या. म्हणून सूर मारायचा नाही. काल त्याच जागी मारला होता, तरी आज नाही, कारण पाणी रातोरात उतरलेलं असू शकतं.

काठावर पोचलात की आधी पाण्याकडे पाठ करा आणि मागचा उतार बघा. बहुतेक वेळा तोच उतार तसाच पाण्याखाली गेलेला असतो. मागे कडा किंवा तीव्र उतार असेल तर दोन पावलांत पाय टेकेनासे होतात. मागे पायऱ्यापायऱ्यांची शेतं दिसली तर पाण्याखालीही तशाच पायऱ्या असणार असं समजा: गुडघाभर, गुडघाभर, आणि एकदम गळ्यापर्यंत. सपाट, मुरमाड, हळूहळू उतरणारा काठ सगळ्यात बरा. तिथेही काठीने पुढची जमीन चाचपत जा आणि छातीइतक्या पाण्याच्या पुढे सरकू नका.

ओढा किंवा नदी जलाशयाला मिळते ती जागा दिसायला सुंदर असते, आणि तीच सर्वांत वाईट. वाहतं पाणी तिथे मंदावतं आणि गाळ टाकतं. पाणी ओसरलं की गाळाला वरून खपली धरते, भेगा पडतात आणि जमीन वाळल्यासारखी वाटते. एका भेगेत डोकावून बघा. आत काळपट ओल दिसली तर खपलीखाली लापशी आहे. काठी टेकवून अंगाचा भार द्या. ती वीतभर सहज गेली तर मागे फिरा. कुणाची तरी पावलं उमटलेली आहेत हा पुरावा नव्हे, तो माणूस तुमच्यापेक्षा हलका असेल किंवा गाळ तेव्हा जास्त सुकलेला असेल.

पाय रुतलाच तर ‘जोर लावून उपसा’ हे ऐकू नका. एक पाय उपसायला दुसऱ्यावर भार दिला की दुसरा खोल जातो. पाठीवरची पिशवी टाका, मागे रेलून बसा, भार पसरू द्या. रुतलेला पाय लहान लहान हालचालींनी हलवत राहा. पायाभोवती पाणी शिरलं की गाळाची पकड सुटते. मग सावकाश काढा आणि आलात त्याच वाटेने रांगत परता. सोबत्यांनी जवळ न जाता घट्ट जमिनीवरून दोरी फेकायची.

पाण्याच्या कडेला एक काडी रोवा आणि अर्ध्या तासाने बघा. वीजनिर्मितीच्या जलाशयात पातळी दिवसभरात वरखाली होते. तंबू झुडपांची कायमची रेघ सुरू होते तिच्या वर. खालचा उघडाबोडका पट्टा पाण्याचा.

उन्हाळ्यात वरचा थर कोमट आणि काही मीटर खाली गारठा, हे नेहमीचं. गार पाण्यात अचानक पडलात तर धाप लागते आणि पट्टीचा पोहणाराही पाणी पितो. हातपाय न मारता उताणे तरंगा. एकदोन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो, मग काठाकडे वळा.

वाऱ्याने लोटलेल्या काठावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय दिसली तर मुलं आणि कुत्री दोन्ही लांब ठेवा. त्यात विष असू शकतं आणि पाणी उकळून ते जात नाही.

होडी वल्हवत असाल तर आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. तरंगत्या खुणांची रांग ओलांडून भिंतीकडे जाऊ नका. विमोचकाची, म्हणजे धरणातून पाणी बाहेर सोडायच्या वाटेची, ओढ पृष्ठभागावर दिसत नाही.

भिंतीखालच्या नदीपात्रात तर बसूच नका, आभाळ निरभ्र असलं तरी. भोंगा वाजला तर सामान तिथेच टाकून जवळच्या चढावर जा. गाडी पलीकडच्या काठावर असली तरी पात्र ओलांडायचं नाही.