डिसलेक्सिया: वाचायला शिकवताना मदत मागायलाही शिकवावे

डिसलेक्सिया असलेल्या मुलाला शब्दातले ध्वनी सुटे करणे आणि त्यांची अक्षरांशी पटकन सांगड घालणे जड जाते. त्याचा बुद्धिमत्तेशी संबंध नसतो. म्हणून नुसते ‘जास्त वाच’ म्हणून भागत नाही. आधी मूल नेमके कुठे अडते हे पाहावे. अनोळखी परिच्छेद मोठ्याने वाचायला देऊन प्रत्येक चूक जशीच्या तशी टिपून ठेवावी: ‘घ’ आणि ‘ध’ची अदलाबदल होते का, जोडाक्षर आले की पहिल्या अक्षरावरून शब्द ठोकून दिला जातो का, ऱ्हस्व वेलांटीपाशी गोंधळ होतो का. ही वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार अक्षरानंतर होतो, त्यामुळे ती स्वतंत्रपणे शिकवावी लागते.

सुरुवात कागदाशिवाय करावी. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते, असे तोंडी खेळ आधी पक्के करावेत. मग अक्षर बोटाने गिरवत त्याचा उच्चार मोठ्याने करून घ्यावा. ‘पुस्तक’ शिकवताना ‘पुस्’ आणि ‘तक’ असे तुकडे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून जोडायला द्यावेत, आणि कालचे आज विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. सोप्याकडून अवघडाकडे, डोळे, कान आणि हात एकत्र वापरत जाण्याची ही रीत अमेरिकी डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून रुजली. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा-वीस मिनिटे अधिक उपयोगी पडतात. डिसलेक्सियावर उपाय म्हणून सुचवल्या जाणाऱ्या रंगीत चष्म्यांवर मात्र पैसे घालवू नयेत. त्यांच्यामागे भक्कम पुरावा नाही. वाचनाचा वेग येईपर्यंत वयाला साजेशी पुस्तके ऐकवत राहावीत, नाहीतर शब्दसंग्रहही मागे पडतो. काही पालकांना ही पळवाट वाटते. ती तशी नाही.

टिपलेल्या चुकांचा दुसरा उपयोग मदत मागायला शिकवताना होतो. आपण कुठे अडतो हे मुलाला कळले, तरच त्याला नेमके मागता येते. ‘मला जमत नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या हाती काहीच देत नाही. त्याऐवजी ‘फळ्यावरून उतरवताना माझी ओळ चुकते, मी फोटो काढू का?’ असे वाक्य मुलाच्या स्वतःच्या शब्दांत तयार करून घ्यावे. घरी त्याचा सराव करताना मोठ्यांनी शिक्षक व्हावे आणि एखाद्या वेळी मुद्दाम नकार द्यावा, म्हणजे ‘मग तास संपल्यावर बोलू का?’ हे पुढचे वाक्यही तयार राहते. प्रत्यक्षात पहिल्यांदा पालकांनी मुलासमोर बोलावे, नंतर मुलाने बोलावे आणि पालकांनी फक्त शेजारी बसावे, मग त्याला एकट्याने जाऊ द्यावे. हा शेवटचा टप्पा पालकांनाच जास्त अवघड जातो.

वर्गात अचानक उभे करून वाचायला लावण्याऐवजी उतारा आदल्या दिवशी मिळावा, आणि उत्तरातला आशय व शुद्धलेखन वेगवेगळे तपासले जावे, या दोन मागण्या बहुतेक मुलांच्या उपयोगाच्या असतात. परीक्षेतला जादा वेळ मागण्याआधी घरी एकच प्रश्नपत्रिका नेहमीच्या वेळेत सोडवायला लावावी आणि वेळ संपताच शाईचा रंग बदलून पुढे लिहू द्यावे. जादा वेळाने किती फरक पडतो हे मग मुलालाच दाखवता येते.