पर्यावरण करारांचं मॉडेल बांधताना : देशाचा खरा खर्च कोणाला माहीत?

गेम थिअरीची ओळख आहे असं धरतो. विकसनशील देशांसाठीच्या करारावर काम सुरू करणारे बहुतेक जण आधी पूर्ण माहितीचं मॉडेल (प्रत्येकाचा खर्च सगळ्यांना माहीत आहे असं धरणारं) सोडवतात आणि अपूर्ण माहिती प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात जोडतात. असं करूच नका, अख्खा करार पुन्हा लिहावा लागतो.

का, ते आकड्यांत बघा. उत्सर्जन घटवायला एका देशाला टनामागे 10 खर्च येतो, दुसऱ्याला 16. दोघंही 50 टन घटवू शकतात. समोरचा देश यातला कोणता, हे निधी देणाऱ्याला माहीत नाही. तो म्हणाला, ‘सांगाल तो खर्च देतो’. मग स्वस्त देश 16 सांगून 800 घेणार, 500 खर्चणार आणि 300 खिशात घालणार. हाच इन्फर्मेशन रेंट, म्हणजे खरी माहिती फक्त आपल्याकडे असल्याची कमाई. आता महाग देशाचा करार 30 टन आणि 480 वर आणा. खोटं बोलून स्वस्त देशाला 180च सुटतात, म्हणून 50 टनांचे 680 दिले की तो खरं सांगतो. वाचले 120. पण समोरचा देश खरोखर महाग निघाला तर 20 टन हातचे गेले. हा सौदा परवडतो का, ते दोन्ही प्रकारांच्या शक्यतेवर ठरतं. इथे गोंधळ उडतो, तो सगळ्यांचाच उडतो. कागदावर दोनदा सोडवलं की बसतं. थेट सिम्युलेशनकडे पळणं मला अजिबात पटत नाही, त्यात कोणती अट घट्ट बसली, म्हणजे निकाल कोणत्या अटीने ठरला, तेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट, कराराबाहेर राहण्याचा फायदा शून्य धरू नका. इतरांनी घटवलेल्या प्रदूषणाचा लाभ बाहेरच्यालाही मिळतो आणि सार्वभौम देशावर सक्ती करणारं कोर्ट नाही. म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने, पडताळणीनंतर.

बेसलाइन, म्हणजे ज्या पातळीपासून घट मोजायची ती, तर पैसे घेणाऱ्याच्या हाती कधीच नको. क्योटो हवामान कराराच्या सीडीएममध्ये (विकसनशील देशांतल्या घटीबद्दल विकता येणारी क्रेडिट देणारी योजना) एचएफसी-23 हा हरितगृह वायू एक टन नष्ट केला की 11,700 टन कार्बन डायऑक्साइडइतकी क्रेडिट मिळत. हा वायू एचसीएफसी-22 हा शीतकरणाचा वायू बनवताना आपोआप निघतो, नष्ट करणं स्वस्त. साहजिकच एचसीएफसी-22 जास्त बनवण्यालाच बक्षीस मिळू लागलं. 2013 मध्ये युरोपीय संघाने ती क्रेडिट स्वीकारणं थांबवलं. याउलट ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल प्रोटोकॉलचा बहुपक्षीय निधी प्रकल्पागणिक वाढीव खर्च तपासून देतो, आणि त्याच्या कार्यकारी समितीत विकसित आणि विकसनशील अशा दोन्ही बाजूंचे सात-सात सदस्य असतात.

मार्गदर्शक निवडताना ‘कोणाला काय, कधी कळतं?’ हे पहिल्याच भेटीत विचारणारा शोधा. दोन प्रकारांचं मॉडेल हाताने सुटल्यावरच सलग वितरणाला (खर्च दोनच नव्हे, कितीही असू शकतो अशा मॉडेलला) हात घाला.